हॅमॉक, झोळी आणि खर्ड्याचा तळ

हा आजच्या एपिसोडचा मजकूर. ज्यांना बसमध्ये ऐकू येत नाही, ज्यांचा डेटा संपलाय किंवा ज्यांना वाचायलाच बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोलताना जे अडखळलो ते इथं सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय हॅमॉक. म्हणजे दोन झाडांना बांधून मधे लटकायचं ते कापड. ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाच्या इन्स्टावर त्याचा एक तरी फोटो असतो: पाय वर, मागं धरण, हातात चहा. मी पुण्यात कोडिंग करतो आणि शनिवार-रविवार डोंगरात असतो, त्यामुळं हे वेड मलाही आहे. मी माझा हॅमॉक घरी शिवलाय. तो कसा शिवायचा ते आज सांगणारच आहे, पण आधी इतिहास. कारण मी मूळचा खर्ड्याचा, जामखेड तालुक्यातला. आणि या वस्तूचा इतिहास शोधत गेलो की तो फिरून फिरून आमच्याच बांधावर येऊन पोचतो.

नाव कुठून आलं?

हॅमॉक हा शब्द इंग्रजांचा नाही. कॅरिबियन बेटांवर टायनो नावाचे लोक राहायचे, त्यांचा शब्द 'हमाका'. १४९२ मध्ये कोलंबस तिथं पोचला, तेव्हा त्याला घराघरात सुताच्या जाळ्या टांगलेल्या आणि त्यात माणसं झोपलेली दिसली. जमीन ओली, वर किडे-मुंग्या-साप. अशा ठिकाणी जमिनीपासून दोन हात वर झोपणं हाच शहाणपणा. स्पॅनिश लोकांनी वस्तू उचलली आणि नावही उचललं. डच लोकांनी तर गंमत केली. 'हमाका' ऐकून त्यांनी 'हांगमाट' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे लटकती चटई. शब्द आपल्या तोंडात बसेल असा करून घ्यायचा, हे सगळीकडंच चालतं.

मग ही जाळी जहाजावर चढली. लाकडी जहाजाच्या फळ्या कायम ओल्या आणि घाण, आणि लाटेवर जहाज कलंडलं की झोपलेला माणूस गडगडत भिंतीवर. हॅमॉक मात्र जहाज कलंडलं तरी सरळच लटकतो. सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या नौदलानं तो अधिकृतपणे स्वीकारला. पण जाळीच्या जागी जाडजूड कॅनव्हास आला. सकाळी खलाशानं आपला हॅमॉक घट्ट गुंडाळायचा आणि जहाजाच्या काठावरच्या जाळीत रचायचा. लढाईत त्याच गुंडाळ्या बंदुकीच्या गोळ्या अडवायच्या. रात्रीचं अंथरूण, दिवसाची ढाल!

पुढं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं मच्छरदाणी आणि छत जोडलेला जंगल हॅमॉक काढला. त्याच सुमारास पॅराशूटसाठी नायलॉनचं कापड आलं, आणि आज आपण ऑनलाइन मागवतो तो हलका, मुठीत मावणारा हॅमॉक त्याच घराण्यातला. जगाची गोष्ट थोडक्यात एवढीच. आता आपल्याकडं येऊ.

खर्डा, मार्च १७९५

ज्या काळात इंग्रजांचे खलाशी कॅनव्हासमध्ये झोपत होते, त्याच काळात आमच्या गावाबाहेर हिंदुस्थानातला त्या वेळचा सगळ्यात मोठा कॅम्प पडला होता म्हणा ना. ११ मार्च १७९५, खर्ड्याची लढाई. एका बाजूला हैदराबादचा निजाम अली, दुसऱ्या बाजूला मराठे. सवाई माधवराव पेशवे स्वतः हजर होते, वय अवघं विशीचं. कारभार नाना फडणवीसांच्या हातात आणि फौजेची सूत्रं परशुरामभाऊ पटवर्धनांकडं. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, सगळे एका जागी. सगळे मराठा सरदार एकत्र लढले अशी ही शेवटची मोठी लढाई.

रात्री निजामाच्या बाजूला गोंधळ उडाला. त्याचा जनानखाना त्याच्याबरोबर होता, आणि त्यांच्या काळजीनं तो मागं सरून खर्ड्याच्या भुईकोटात जाऊन बसला. हा निंबाळकर सरदारांचा किल्ला. मराठ्यांनी त्याला आतच कोंडलं आणि काही दिवसांत तो तहाला आला. दौलताबादचा किल्ला गेला, मोठी रक्कम कबूल करावी लागली, आणि त्याचा दिवाण मुशीर-उल-मुल्क याला मराठ्यांच्या हवाली करावं लागलं. आज किल्ल्यापाशी ७४ मीटर उंच भगवा ध्वज आहे, २०२१ च्या दसऱ्याला उभारलेला. गावात कोणी पाहुणा आला की आम्ही आधी तो दाखवतो.

पण मला आज लढाईपेक्षा तळ सांगायचाय. इतिहासकार दोन्ही फौजांचा मिळून आकडा दोन लाखांच्या वर सांगतात. आणि मराठी फौज म्हटली की तिच्याबरोबर बाजारबुणगे आलेच. वाणी, तेली, लोहार, मोतद्दार, पाणी भरणारे, दळणकांडण करणाऱ्या बाया, पोरंबाळं. चालतं-बोलतं गावच. या गावात कोण कशावर बसतं आणि कशात झोपतं, यावरून त्याची पायरी कळायची. पालखीत बसणं हा मान होता, तो सरकारातून मिळायचा, आणि त्याच्या खर्चाची नेमणूकही व्हायची. त्याखाली मेणा, त्याखाली डोली. जखमी माणसाला डोलीत घालून न्यायचे. इंग्रजांच्या फौजांनी ती डोली इतकी वापरली की त्यांच्या भाषेत 'डूली' हा शब्दच जाऊन बसला.

आता नीट बघा. पालखी काय, डोली काय, मुळात तत्त्व एकच: वर एक दांडा आणि त्याला टांगलेलं ओझं. लाकूडकाम, गाद्या, गोंडे काढून टाका. दांडा आणि कापड उरेल. त्याला आपण झोळी म्हणतो. पालखीचे हिशेब दफ्तरात सापडतात. झोळीला हिशेब नसतो, कारण ती जुन्या लुगड्याची असते आणि लुगडं घरातलंच असतं. म्हणून इतिहासाच्या पुस्तकात पालखी आहे आणि झोळी नाही. वापरणारी माणसं मात्र झोळीचीच जास्त.

दोर अमेरिकेचा, पीळ आपला

हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो.

आमच्याकडं शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठावर केकताड असतं. लांब, जाड, टोकाला काटा असलेली पानं. कुठं त्याला घायपात म्हणतात. जनावर आत येऊ नये म्हणून लावलेलं असतं, आणि आपल्याला वाटतं की ते इथं सृष्टीच्या सुरुवातीपासून आहे. नाही! केकताड म्हणजे अगेव्ह, मूळ मेक्सिको आणि आसपासचं. युरोपियन लोकांच्या जहाजांबरोबर ते जगभर पसरलं. आणि मेक्सिकोच्या युकातान भागात याच कुळातल्या झाडाच्या वाखापासून लोक हॅमॉक विणत आलेत. तिथल्या सिसाल नावाच्या बंदरावरून त्या वाखाला जगात 'सिसल' हे नाव पडलं.

म्हणजे हॅमॉकच्या देशातलं झाड आमच्या बांधावर आलं. आणि आमच्याकडं त्याचं काय झालं? मातंग समाजाच्या कारागिरांनी त्याचा दोर केला. पानं कापायची, पाण्यात कुजत घालायची, बडवून गर काढायचा, उरलेला वाख धुऊन वाळवायचा आणि मग पीळ देत वळायचा. कासरा, दावं, मोटेचा नाडा, सोल, शिंकं, हे सगळं त्यांच्या हातचं. बलुतेदारीत गावाची शेती अक्षरशः या दोरावर लटकलेली होती. नाडा तुटला तर मोट विहिरीत, बैल आडवे, जीवही जाऊ शकतो. म्हणजे भार किती, दोर किती जाड, पीळ किती, हे गणित त्या माणसाच्या बोटात पक्कं असायचं. आम्ही बीटेकला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकलो, त्याला मार्क मिळाले. त्या माणसाला वर्षाला चार पायल्या धान्य आणि गावाबाहेरचं घर मिळालं.

शिंकं तर डोळ्यांसमोर आणा. छताला टांगलेलं दोराचं जाळं, त्यात दुधा-दह्याचं मडकं, मुंगी नाही, मांजर नाही. टायनो लोकांनी माणूस वर टांगला, आपण दही. डोकं एकच.

मोट गेली, इंजिन आलं, मग विजेची मोटर आली. नाड्याचं काम संपलं. दाव्या-कासऱ्याला प्लास्टिकचा पिवळा दोर आला. वाख काढणारे हात दुसऱ्या कामाला लागले, आणि आमच्या भागात दुसरं काम म्हणजे बहुतेकदा ऊस.

फडातली झोळी

जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा हा सगळा अवर्षणाचा पट्टा. १९५० च्या सुमाराला आमच्याच जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढं पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. कारखान्याला ऊस पाहिजे, ऊस तोडायला माणसं पाहिजेत. ती माणसं कोरडवाहू पट्ट्यातून गेली. १९७२ च्या दुष्काळानंतर तर टोळ्याच्या टोळ्या. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घ्यायची, बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये संसार भरायचा, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. दोन माणसं, पण मोजायला एकच हत्यार.

कारखान्याच्या जवळ उघड्या रानात कोप्यांची वस्ती पडते. हाही तळच. १७९५ मध्ये बाजारबुणगे होते, आता कोयते आहेत.

आणि बाळ? पहाटे अंधारात फडात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. तान्हं बाळ कोपीत एकटं कसं ठेवायचं? ते बरोबर येतं. फडाच्या कडेला झाड असेल तर फांदीला, नसेल तर गाडीखाली, लुगड्याची झोळी. माझ्या आज्जीनं अशा झोळ्या आयुष्यभर बांधल्या. कापडाची दोन्ही टोकं चुण्या घालून गोळा करायची, चुणीच्या आत एक खडा धरायचा, म्हणजे दोर सरकत नाही, आणि वरून आवळायचं. बाळाच्या तोंडावर कापड पडू नये म्हणून मधे एक काठी आडवी. झालं. दोन मिनिटांचं काम.

आता इंजिनिअरच्या डोळ्यानं बघतो. झोळीची दोन्ही टोकं वर एकाच फांदीला, जवळजवळ उभी जातात. आठ किलोचं बाळ असेल तर प्रत्येक टोकावर साधारण चार किलो. म्हणून विरलेलं लुगडंसुद्धा पुरतं. आता तेच कापड दोन झाडांमधे ताणून, तारेसारखं आडवं बांधा. दोर जमिनीशी जो कोन करतो त्यावर सगळं ठरतं. सत्तर किलोचा माणूस आणि कोन ३० अंश असेल तर प्रत्येक बाजूच्या दोरावर सत्तर किलोचा ताण येतो. १० अंश असेल तर दोनशे. ५ अंश असेल तर चारशे! माणूस तोच, कापड तेच. फक्त ताणून बांधलं.

म्हणजे हॅमॉकचं सगळं शास्त्र एका शब्दात आहे: ढील. ताणू नका, झोल राहू द्या. 'झोळी' आणि 'झोल' हे शब्द तोंडात किती जवळ आहेत बघा. ज्यांनी ती बांधली त्यांना साइनचं कोष्टक माहीत नव्हतं. बाळ पडलं तर काय होईल, ते माहीत होतं.

आता आपली झोळी शिवू

सामान सांगतो. आधी कापड. नवं, घट्ट विणीचं मांजरपाट किंवा रिपस्टॉप नायलॉन. लांबी ३.४ मीटर, पन्हा दीड मीटर. साडीचा पन्हा सव्वा मीटरच्या आत असतो, म्हणून मोठ्या माणसाला तिरकं झोपायला ती अपुरी पडते. आणि जुनी साडी बाळाला चालते, आपल्याला नाही. कापड घेताना दोन्ही हातांनी जोरात ताणून, उजेडासमोर धरून बघा. वीण सरकत असेल तर सोडून द्या.

१. लांब कडा दोनदा दुमडून शिलाई मारा, म्हणजे धागे सुटणार नाहीत.

२. आखूड कडांना नेफा करा. परकराचा असतो तसाच, फक्त रुंद, दोन बोटं आत जातील एवढा. त्यावर तीन ते चार शिलाया, जाड पॉलिस्टर धाग्यानं. सगळा भार इथं येतो. घरचं मशीन दमत असेल तर गावात बॅगा शिवणारा गाठा, तो दहा मिनिटांत करून देतो.

३. नेफ्यातून ८ मिलिमीटरचा चांगला पॉलिस्टर दोर ओवा, कापड गच्च गोळा करा आणि दोराची पक्की गाठ मारून कडी तयार करा. नायलॉनचा दोर ओला झाला की सैल पडतो, पॉलिस्टरचा फारसा पडत नाही. दाव्याचा पिवळा प्लास्टिक दोर मात्र नको, उन्हात तो ठिसूळ होतो आणि सांगून तुटत नाही.

४. दोन्ही कड्यांमधे वरून एक बारीक, न ताणणारा दोर बांधा. त्याची लांबी कापडाच्या तयार लांबीच्या ८३ टक्के. म्हणजे ३.२ मीटरच्या कापडाला साधारण २.६५ मीटर. हा दोर झोल ठरवून ठेवतो. झाडं कितीही लांब असोत, ढील तेवढीच राहते. आज्जीच्या नजरेचं काम हा दोर करतो.

५. झाडाला दोर थेट बांधू नका, साल कापली जाते. ट्रकवाले सामान आवळायला वापरतात तो रुंद पॉलिस्टर पट्टा घ्या. बाजेची नवार दिसायला तशीच असते, पण जुनी नवार यासाठी नको.

६. झाडं साधारण ४ ते साडेचार मीटर अंतरावर, खोड मांडीएवढं जाड आणि जिवंत. चिंच, कडुनिंब उत्तम. पट्टा डोक्याच्या उंचीवर. मधे बसलात की गुडघ्याएवढी उंची राहिली पाहिजे. आधी हातानं लोंबकळा, मग बसा, मग झोपा. खाली दगड नको.

७. आत सरळ झोपू नका, तिरके झोपा. सरळ झोपलात तर केळ्यासारखी पाठ वाकते. तिरके झोपलात तर अंग जवळजवळ सपाट राहतं. ब्राझीलमध्ये लोक आयुष्यभर असेच झोपतात.

आणि एक हात जोडून सांगणं. किल्ल्यावर गेलात तर बुरुजाला, दरवाज्याच्या कडीला, तोफेला पट्टा बांधू नका. खर्ड्याच्या किल्ल्यानं निजामाची फौज झेलली, पण सैल झालेल्या दगडाला आपल्या सत्तर किलोचा हिसका कशाला?

मग फरक काय?

कापड तेच, गाठ तीच, झोल तोच. तरी मी झाडाखाली लटकलो की त्याला कॅम्पिंग म्हणतात आणि फोटोला लाइक येतात. फडाच्या कडेला बाळ लटकतं, त्याला कोणी कॅम्पिंग म्हणत नाही. माझी झोळी मला वाटलं म्हणून आहे. त्या बाळाची झोळी आहे, कारण फडाजवळ पाळणाघर नाही आणि आईला दिवसाचा खाडा परवडत नाही. गाडी, ट्रॅक्टर, साप, पाचटाची आग, सगळ्याच्या मधोमध ते बाळ असतं.

आणि नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात, पालघर-रायगडच्या वाड्यांत दर पावसाळ्यात काय होतं ते बातम्यांत बघा. रस्ता नाही, ओढ्याला पूल नाही, म्हणून बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खांद्यावरून आणतात. लोकांनी त्याला 'बांबूलन्स' नाव दिलंय. नाव ऐकून हसू येतं आणि लगेच थांबतं. १७९५ च्या तळावरचा जखमी ज्या वस्तूत न्यायचे, त्याच वस्तूत आजची बाळंतीण.

म्हणून मला झोळीचं नुसतं कौतुक करायचं नाही. अक्कल मोठी आहे, मान्य. पण जिथं रस्ता पाहिजे तिथं झोळी बघून 'वा, काय जुगाड!' म्हणणं बरोबर नाही. आपल्या माणसांची हुशारी आणि त्यांच्यावर आलेली वेळ, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकलं पाहिजे. झोळी हौसेनं बांधता यावी. नाइलाजानं कुणाला बांधावी लागू नये.

तर मंडळी, या सुट्टीत शिवून बघा. आणि शिवायच्या आधी घरातल्या आज्जीला, मावशीला, शेजारच्या काकूंना एकदा विचारा: 'तुम्ही झोळी कशी बांधायचा?' गाठ दाखवायला सांगा, फोन समोर धरा, रेकॉर्ड करा. घरात कोणी दोर वळणारं असेल तर त्यांचा हातही रेकॉर्ड करा. खर्ड्याच्या लढाईवर पुस्तकं मिळतील, या गाठींवर मिळणार नाहीत. त्या व्हॉइस नोट आम्हाला पाठवा, पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये ऐकवू.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर दोर तपासा, आणि ढील द्या!